लंडनचे दहा नंबरचे घर आणि आपल्या वाड्यातला नमुना आठ

दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. खाली मजकूर असतो, लंडनमधील बाबासाहेबांचा आलिशान बंगला. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले तेव्हा वर्तमानपत्रांनीही सर्रास ‘बंगला’ हाच शब्द वापरला होता. १०, किंग हेन्रीज रोड, प्रिमरोझ हिल, हा तो पत्ता. पण तो बंगला नाही, आणि बाबासाहेब तिथे राहत होते तेव्हा आलिशान तर मुळीच नव्हता. ते एका रांगेतले घर आहे. शेजारच्या घराशी भिंत सामाईक, तोंड थेट रस्त्याला, रुंदी कमी आणि उंची जास्त. इंग्लंडमध्ये अशा घराला टेरेस्ड हाऊस म्हणतात. आपल्या हिंगोली-नांदेडकडच्या नव्या कॉलन्यांत ज्याला रो-हाऊस म्हणतात, त्याचा हा एकोणिसाव्या शतकातला पूर्वज.

शब्दाचा कीस काढायचा म्हणून हे लिहीत नाही. बंगला म्हटले की भोवती मोकळी जागा, कुंपण, फाटक आणि आत आपल्या मनाप्रमाणे काहीही करायची मोकळीक, असे चित्र डोळ्यांसमोर येते. शासनाच्या डोळ्यांसमोरही बहुधा तेच चित्र होते. त्यामुळे २०१८ ते २०२० या दोन वर्षांत हे स्मारक बंद पडता पडता वाचले. ते का अडकले आणि कसे सुटले हे समजून घ्यायचे तर आधी ते घर समजून घ्यावे लागते. आणि ते समजले की आपल्या गावातल्या, आपल्या वाड्यातल्या घरांविषयी काही अवघड प्रश्न उभे राहतात. मला खरे बोलायचे आहे ते त्या प्रश्नांविषयी.

रांगेतले घर

प्रिमरोझ हिलच्या उत्तरेकडची ही जमीन ईटन कॉलेजची होती. राजा सहावा हेन्री याने १४४० मध्ये हे कॉलेज स्थापले. किंग हेन्रीज रोड हे नाव त्याचेच. आजूबाजूच्या रस्त्यांची नावेसुद्धा प्रोव्होस्ट रोड, फेलोज रोड, ईटन अव्हेन्यू अशी, म्हणजे कॉलेजच्या कारभारातूनच उचललेली. १८३७ मध्ये लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेचा बोगदा या जमिनीखालून गेला. पुढच्या काही दशकांत रस्ते आखले गेले, प्लॉट पडले, घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. अशा जमीनदार संस्था जमीन सहसा विकत नसत. ठेकेदाराला साधारण ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर देत, घरे कशी बांधायची याच्या अटी करारात घालत, आणि मुदत संपली की जमीन घरासकट परत संस्थेकडे. ठेकेदाराला रस्त्यालगतची प्रत्येक फूट जागा महाग पडे, कारण रस्ता, गटार, फरशी सगळे त्याच मापाने. म्हणून घर अरुंद ठेवायचे, मागे लांबवायचे आणि वर चढवायचे.

भिंतीचा कायदा त्याहून जुना. १६६६ च्या आगीत लंडन जळाले, त्यानंतर दोन घरांमधली भिंत विटांची किंवा दगडाचीच हवी असा दंडक आला. १७७४ च्या इमारत कायद्याने घरांचे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत दर्जे ठरवले आणि दर्जानुसार भिंतीची जाडी ठरवली. आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून ही सामाईक भिंत छपराच्याही वर काढायची. काचेवरचा कर १८४५ मध्ये, विटांवरचा १८५० मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये उठला. त्यानंतरच्या घरांना खिडक्या मोठ्या आल्या. खिडक्यांवर कर असतो हे ऐकून आपल्याकडे हसू येते, पण ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या कुडाच्या घराला खिडकीच नव्हती त्यांनी उजेडाची किंमत सांगायला कर लागत नाही.

या प्रकारच्या घराची आतली मांडणी ठरलेली असे. अर्धे जमिनीखाली गेलेले तळघर, तिथे स्वयंपाकघर, कोळसा आणि मोलकरीण. तळमजल्यावर जेवणाची खोली. पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, तिथे छत सगळ्यात उंच. त्यावर मालक-मालकिणीच्या झोपायच्या खोल्या, आणि अगदी वर, छताखाली, मुले आणि नोकरचाकर. रस्त्यावर उभे राहून नुसत्या खिडक्यांची उंची बघितली तरी कोणत्या मजल्यावरच्या माणसाचा मान किती ते कळते. समाजशास्त्राच्या वर्गात आपण स्तरीकरण पुस्तकातून शिकतो, इथे ते विटांत बांधलेले आहे.

बाबासाहेबांनी ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात, ३१ जानेवारी १९२० ला, हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. मजले आहेत, पण एकातून दुसऱ्यात जायला जिना नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि पुढे १९२१-२२ मध्ये या अशा घरात राहिले, जिथे जिना हाच घराचा कणा असतो. मजल्यांची उतरंड इंग्रजांच्या घरातही होती, आणि ती मोलकरणीच्या अंगावर रोज पाच-सहा मजल्यांच्या पायऱ्यांच्या हिशेबाने पडत होती. ते घर समतेचे होते असे कोणी समजू नये. पण तळघरात रांधलेले अन्न त्या मोलकरणीच्याच हातून वर जात होते, आणि तिच्या हाताने ते बाटत नव्हते. वर्ग आणि जात यांतला फरक मला तरुणांना समजावून सांगायचा असतो तेव्हा हा जिना फार उपयोगी पडतो.

पहिल्या महायुद्धानंतर घरात नोकर ठेवणे परवडेनासे झाले. मोठी घरे खोल्याखोल्यांनी भाड्याने जाऊ लागली. घरमालकीण सकाळचा नाश्ता देणार, रात्रीचे थोडेफार खाणे, आणि वर एक खोली. लंडनमध्ये शिकणारे विद्यार्थी अशाच खोल्यांत राहत. हिंदी विद्यार्थ्यांना रंग बघून खोली नाकारली जाण्याचे प्रकारही तिथे होते. बाबासाहेब मजल्यांच्या या शिडीवर मालक म्हणून आले नव्हते, भाडेकरू म्हणून आले होते. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज, एवढ्यावर त्यांना लंडनचा खर्च काढायचा होता. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्यांच्या लंडनच्या दिवसांतले अपुरे खाणे, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळपासून बसणे आणि रात्री भुकेपोटी भाजलेले पापड, हे सारे लिहून ठेवले आहे. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध याच काळातला.

जाता जाता एक गोष्ट. या घरापासून पायी काही मिनिटांवर, १२२ रिजंट्स पार्क रोड इथे, १८७० ते १८९४ फ्रेडरिक एंगेल्स राहत होता. तेही रांगेतलेच घर. कामगारांच्या घरांच्या प्रश्नावरचे त्याचे गाजलेले लेखन १८७२ चे, म्हणजे त्याच घरात राहत असतानाचे. आपल्याकडचे आंबेडकर-मार्क्स वाद घालणारे मित्र लंडनला गेले तर दोन्ही दारे एकाच फेरीत बघून येतील.

आधी उद्घाटन, मग परवानगी

२०१४ मध्ये हे घर विक्रीला निघाले. ब्रिटनमधल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या फेडरेशनने ही बातमी भारतात पोहोचवली आणि ते विकत घ्यावे म्हणून पाठपुरावा केला. हे श्रेय त्या कार्यकर्त्यांचे आहे, कोणत्याही पक्षाचे नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सुमारे ३१ लाख पौंडांना ते घेतले. क्षेत्रफळ २,०५० चौरस फूट. १४ नोव्हेंबर २०१५ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झाले, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस हजर होते. लोक येऊ लागले.

स्थानिक नियोजन प्राधिकरणाच्या, म्हणजे कॅम्डेन कौन्सिलच्या कागदावर मात्र ते अजून राहते घरच होते. राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर वापर बदलाची परवानगी लागते. तो अर्ज गेला फेब्रुवारी २०१८ मध्ये. उद्घाटनानंतर सव्वादोन वर्षांनी! आपल्याकडे आधी फीत कापायची आणि कागद मागून रंगवायचे ही सवय इतकी मुरलेली आहे की लंडनला जातानाही ती सुटकेसमध्ये गेली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये कौन्सिलने अर्ज नाकारला. कारण एका वाक्यात सांगायचे तर, लंडनमध्ये राहायला घरे कमी आहेत, आणि या बदलाने एक राहते घर कमी होते. काही शेजाऱ्यांनी गर्दी आणि आवाजाची तक्रार केली होती. इकडे आपल्या माध्यमांत लगेच सूर लागला की ब्रिटिशांनी बाबासाहेबांचा अपमान केला. मला ते तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही. बंगला असता तर शेजाऱ्याची तक्रार ओढूनताणून वाटली असती. इथे भिंत एकच आहे. जिन्यावरून चाळीस माणसे खाली-वर झाली तर पलीकडच्या खोलीत झोपलेल्या म्हाताऱ्याला ते ऐकू जाते. आणि राहते घर वाचवण्याचे धोरण म्हणाल तर ते आपल्या मागणीच्या विरोधात गेले तरी वाईट नव्हते. मुंबईतल्या झोपडपट्टीत वाढलेल्या कोणालाही विचारा, एखाद्या नगरपालिकेने एका घरासाठी इतका हट्ट धरला तर तो हवाच आहे.

पण प्रकरण तिथे थांबले नाही, आणि हा भाग आपल्या तरुणांनी नीट बघण्यासारखा आहे. शासनाने अपील केले. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली. कौन्सिलने आपली बाजू मांडली, शासनाच्या वकिलांनी आपली, शेजाऱ्यांना बोलता आले, आंबेडकरी संघटनांनाही बोलता आले. नियोजन निरीक्षकाने परवानगी द्यावी अशी शिफारस केली. १२ मार्च २०२० ला तिथले गृहनिर्माण मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी अपील मंजूर केले. एक राहते घर जाणे हा तोटा मान्य करूनही या जागेचे ऐतिहासिक आणि सामाजिक मोल जास्त भरले. मागण्या, हरकती, निकाल, सगळे लेखी. घोषणाबाजीने हे झाले नाही, फाइलवर झाले.

त्याच ब्रिटनची दुसरी बाजूही लक्षात ठेवू. २०१३ मध्ये तिथल्या संसदेने समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद केली होती. जुलै २०१८ मध्ये सरकारने ती अमलात न आणण्याचे ठरवले. म्हणजे ज्या वर्षी कॅम्डेनने अर्ज नाकारला, त्याच वर्षी वेस्टमिन्स्टरने जातीचा कायदा नाकारला. पहिल्या नकारावर आपण पेटून उठलो, दुसऱ्याची बातमी आपल्यापैकी कितीजणांनी वाचली?

आता त्या घरात बाबासाहेबांच्या आठवणींचे संग्रहालय आहे. ते लहान आहे आणि लहानच राहणार, कारण अरुंद जिना आणि सामाईक भिंत यांना मर्यादा असते. त्या घराने मोठे व्हावे अशी माझी इच्छाही नाही. १४ नोव्हेंबर २०१५ च्या महिनाभर आधी, ११ ऑक्टोबरला, इंदू मिलच्या जागेवर भूमिपूजन झाले. तिथला पुतळा ३५० फुटांचा, खाली १०० फुटांचा चौथरा. त्याची गरज आहे की नाही हा वाद इथे नको. पण स्मारक म्हणजे उंची असे आपल्या पोरांच्या डोक्यात बसले तर किंग हेन्रीज रोडवरची ती भाड्याची खोली त्यांना कधीच कळणार नाही. भाड्याच्या खोलीचे स्मारक भाड्याच्या खोलीएवढेच हवे. त्यात जमले तर एखादा संशोधक विद्यार्थी राहावा, वाचावा, असे मला वाटते. कौन्सिलचा आक्षेपच राहते घर गेले हा होता, तर त्याचे याहून सरळ उत्तर कोणते?

त्याच वेळी परळला

लंडनची खोली बघताना त्याच वेळची मुंबईची खोली विसरून चालत नाही. परळच्या बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या समोरासमोरच्या दोन खोल्या, १९१२ ते १९३४. एका खोलीत संसार, दुसरीत वाचन आणि चळवळ. बाबासाहेब लंडनमध्ये असताना रमाई मुले-माणसे घेऊन मुंबईत काटकसरीने दिवस काढत होत्या. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सरकारने तो नेमला. दाट वस्त्या पाडायच्या, हवा खेळेल असे रस्ते काढायचे आणि मजुरांसाठी चाळी बांधायच्या हे त्याचे काम. लांब सामाईक व्हरांडा, एकेका कुटुंबाला एकेक खोली, नळ आणि संडास सामाईक.

लंडनची रांग आणि परळची चाळ, दोन्हींत भिंती सामाईक. फरक असा की लंडनमध्ये एका कुटुंबाला तळघरापासून छपरापर्यंतचा उभा तुकडा मिळत असे, चाळीत मात्र एका मजल्यावरची एक खोली. तरी कित्येक गावांतून वेशीबाहेरचे घर सोडून आलेल्या आपल्या माणसांना चाळीतली ती खोली मोठी वाटली, कारण तिला नंबर होता, भाडेपावती होती, आणि टपाल त्या नंबरवर येत होते.

इथेच माझा मुद्दा आहे. लंडनचे घर शंभर वर्षांनी सापडले ते पत्त्यामुळे. बाबासाहेबांच्या त्या काळच्या पत्रांच्या माथ्यावर तो पत्ता आहे. त्या घराची जमीन कोणाची, पट्टा कोणाला, वापर कोणता, याच्या नोंदी आहेत. परळच्या खोल्या दाखवता येतात कारण चाळीच्या दप्तरात खोलीला क्रमांक होता. घर टिकले ते विटांमुळे जितके, तितकेच दप्तरामुळे. मग आपल्या मराठवाड्यातल्या चळवळीची घरे कुठे आहेत?

हिंगोलीच्या वाड्यात

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधी हा भाग परभणीचा, त्याआधी निजामाच्या राज्याचा, आणि हिंगोली शहर त्या काळी छावणीचे गाव. छावणीचे रस्ते अजून सरळ दिसतात. गावातला बौद्धवाडा मात्र कोणी आखून दिलेला नव्हता. पांढरीच्या कडेला, ओढ्याच्या बाजूला, जिथे जागा सोडली तिथे तो वाढला. पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांचा कूड, वरून माती आणि शेणाचा लेप, छपराला पाचट, नंतर पत्रे. आणि एक गोष्ट लंडनसारखीच: भावकीची घरे एकमेकांना चिकटून, मधली भिंत सामाईक. आज एका भावाला घरकुल मंजूर होते, तो जुने पाडतो आणि दुसऱ्याची भिंत उघडी पडते. मी ज्या गावांत काम करते तिथे निम्मी भांडणे या भिंतीची असतात. इंग्लंडमध्ये सामाईक भिंतीसाठी १९९६ चा वेगळा कायदा आहे, शेजाऱ्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे नोटीस म्हणजे सकाळी सकाळी कुदळीचा आवाज.

कुडाच्या घराचे मला कौतुक नाही. ज्याने पावसाळ्यात रात्रभर भांडी मांडून गळती धरली आहे तो त्या घराचे गाणे गाणार नाही. रमाई आवास योजनेतले २६९ चौरस फुटांचे पक्के घर हे त्याहून शंभर पटींनी बरे. पण जुने घर पाडताना आपण एक फोटोही काढत नाही. नामांतराच्या लढ्यात, १९७८ मध्ये, विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या अनेक गावांत आपली घरे जाळली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. दरवर्षी आपण तो दिवस साजरा करतो. पण एखाद्या वाड्यात विचारले की कोणती घरे जळाली, तर म्हातारी माणसे बोट दाखवतात. त्या बोटाच्या टोकाला आता सिमेंटची खोली असते. ती माणसे गेली की तेही संपेल.

हा नुसता आठवणींचा प्रश्न असता तर मी एवढे लांबवले नसते. सध्या गावोगावी स्वामित्व योजना चालू आहे. एप्रिल २०२० मध्ये ती सुरू झाली. गावठाणातल्या घरांच्या हद्दी चुन्याने आखायच्या, वरून ड्रोन फिरवायचा, नकाशा करायचा आणि घरमालकाला सनद, मिळकत पत्रिका द्यायची. १८ जानेवारी २०२५ ला देशभरात एकाच दिवशी ६५ लाखांहून जास्त पत्रिका वाटल्या गेल्या. योजना चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण ड्रोन मोजतो ते गावठाण. आपला वाडा जिथे गावठाणाची रेघ ओलांडून गायरानात गेला आहे तिथे चुना पडत नाही, आणि चुना नाही तर सनद नाही. एकाच वाड्यात एका भावाच्या घराला सनद आणि दुसऱ्याचे घर अतिक्रमण, असे चित्र त्यातून उभे राहू शकते.

आणि अतिक्रमण हा शब्द आता साधा राहिलेला नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले, पण भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने पट्टा दिला असेल तर तो अपवाद ठेवला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरची अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत काढण्याचा आदेश दिला, गावोगाव नोटिसा निघाल्या, मोर्चे निघाले. तो अपवाद वाचा: त्यात जागा त्यालाच आहे ज्याच्या हातात कागद आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये लाखो भूमिहीनांना तुरुंगात नेले तेव्हा मागणी हीच होती, कसतो त्याच्या नावावर जमीन करा. पुढे १९९१ मध्ये १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची गायरान अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय राज्याने घेतला. तरी आज कित्येक कुटुंबांच्या हातात त्याचा कागद नाही, आणि ज्या घरात ती राहतात त्याचा तर नाहीच.

विहाराचीही तीच गत. आपण वर्गणी काढून जुने विहार पाडतो, नवे बांधतो, मोठी मूर्ती बसवतो, वर घुमट. जागा कोणाच्या नावावर आहे? बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायतीच्या दप्तरात ते ‘समाज मंदिर’ आहे, मालक ग्रामपंचायत. काही ठिकाणी नोंदच नाही. किंग हेन्रीज रोडचे घर शासनाच्या मालकीचे, वकील हाताशी, तरी केवळ वापराचा रकाना चुकीचा होता म्हणून दोन वर्षे टांगणीला लागले. ज्या विहाराचा रकानाच कोरा आहे त्याचे काय होईल याचा विचार कोनशिला बसवण्याआधी करावा.

यासाठी लंडनला जायला नको, संस्थाही काढायला नको. हातात मोबाइल आहे, टेप दीडशे रुपयांना मिळतो. घर पाडायला काढले की आधी चारी बाजूंनी फोटो, लांबी-रुंदी, भिंत कशाची, कोणी बांधले, कोण राहत होते, नामांतरात काय झाले, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख. आईच्या, आजीच्या नावाची आठवण आधी विचारा, कारण दप्तरात त्या सापडणार नाहीत. सनदेवर नवऱ्याबरोबर बायकोचे नाव लावायचा आग्रह धरा. भूमी अभिलेखची माणसे चुना घेऊन येतील त्या दिवशी मजुरी बुडाली तरी घरी थांबा, आणि नकाशा गावात लागला की आपली भिंत त्यात आपल्याच बाजूला आहे का ते बघा. हरकतीची मुदत असते, ती गेली की तालुक्याच्या खेपा सुरू होतात.

पुढची ग्रामसभा येईल तेव्हा आणखी एक काम करता येईल. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन विहाराच्या जागेचा नमुना आठचा उतारा मागायचा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. उतारा मिळाला तर त्यात मालक आणि वापर या दोन रकान्यांत काय लिहिले आहे ते सगळ्यांसमोर वाचायचे. नाही मिळाला तर ती पोच जपून ठेवायची.